हळदीचा हात

धाकू वेसावकराचा राग नाकावर असतो असं लोक म्हणायचे, पण ते खरं नव्हतं. त्याचा राग उजव्या हातात होता. नाकावरचा राग निदान दिसतो तरी, हातातला लागल्यावरच कळतो. वेसाव्याच्या बंदरात त्याने बर्फवाल्याचं नाक फोडलं होतं, भर समुद्रात एका खलाशाला कठड्यावरून उलटा धरला होता. आणि घरी जानकी होतीच.

जानकी त्याची बायको. हिची गंमत अशी, की अंधेरीच्या मासळीबाजारात हिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. गिऱ्हाइकाने पापलेटाचा कल्ला उचकून नाक मुरडलं, की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तीच बाई घराचा उंबरा ओलांडला की तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची. का खायची, असं विचारायला शेजाऱ्यांचं काय जात होतं? विचारणाऱ्यांपैकी एकानेही कधी मधे हात घातला नव्हता.

हात घातला होता तो फक्त नितेशने. नितेश तिचा धाकटा भाऊ, खाडीपलीकडे मढला राहणारा. आईबाप गेलेले, तेव्हा जानकीचं माहेर म्हणजे हा एकटा नितेश. चुलतभावाच्या हळदीत धाकूने सगळ्यांदेखत जानकीवर हात उगारला, तो नितेशने वरच्यावर पकडला. धाकूने दुसऱ्या हाताने त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि त्या दिवसापासून घरात मढचं नाव काढायची बंदी झाली. धक्क्यावरून मढ समोर दिसतं. तोंडातलं पान संपायच्या आत फेरीबोट पलीकडे लागते. पण जानकी त्यानंतर एकदाही फेरीबोटीत चढली नव्हती. दर गौरीला ती धक्क्यावर येऊन पलीकडे बघायची आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायची.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या फेरीत होडीतला सगळा माल कुजून आला. होडीच्या पोटात बर्फ आणि मासळी ठेवायचा खण असतो. त्याच्या फळ्यांमागचं थर्माकोल पाणी पिऊन लिबलिबीत झालं होतं आणि बर्फ वाटेतच वितळला होता. वास पार गावठाणापर्यंत गेला. धाकूने एक सुरमई शेपटीला धरून उचलली आणि धक्क्यावर चार माणसांत जानकीच्या तोंडावर हाणली. बर्फ कमी घ्या असं म्हणे तिनेच सांगितलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्याची खोडच होती.

गालाला मासळीची घाण चिकटलेली असतानाच जानकी म्हणाली, "खण नव्याने करा. फोम मारून घ्या. नितेश मारतो."

बाई हुशार होती. नितेश अंधेरीच्या एका ठेकेदाराकडे कोल्ड रूमना गारवा टिकवणारा फोम मारायचा, आणि त्याच्या हाताची फिनिश कशी असते हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. धाकूने दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, दर ऐकले, शिव्या दिल्या आणि शेवटी गुरगुरला, "बोलव तुझ्या त्या दातपडक्या बोचऱ्याला."

जानकीला आभाळ ठेंगणं झालं. काम नीट उतरलं की धाकूचा राग निवळेल, नितेशची पावलं पुन्हा घराला लागतील, यंदाच्या गौरीला आपण मढला जाऊ, असा तिचा साधा हिशेब. तिला दुसरं काही नको होतं. मार थांबेल असंसुद्धा तिने मनात आणलं नव्हतं.

श्रावण तोंडावर आला होता. पावसाळी मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस उरले होते आणि हवा अशी दमट, की मिठाला पाणी सुटावं. फोमला ओल चालत नाही. नितेशने किनाऱ्यावर ओढलेल्या होडीवर निळी ताडपत्री बांधली, खणातलं सगळं जुनं खरवडून काढलं आणि आत हॅलोजनचे दिवे लावून लाकूड सुकवलं. ओल मोजायचं यंत्र तो फळीफळीला टेकवत होता. आदल्या संध्याकाळी त्याने शेवटची फळी तपासली आणि बहिणीला म्हणाला, "बाय, आता बघ. काचेसारखी फिनिश देतो. भावजींनी तोंडात बोट घातलं पायजे."

जानकी रात्रभर जागी होती. होडी म्हणजे घरची लेक, तिच्या अंगावर नवं काही चढवायच्या आधी हळद लावायची, असं तिची सासू सांगायची. सासू गेली, पण तिचं सांगणं राहिलं. पहाटे कोणी उठायच्या आधी जानकी वाटीत खोबरेल तेलात हळद कालवून होडीत चढली. खणात उतरली. मागच्या तुळईच्या आडोशाला, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा फळीवर, तिने तळहाताने ती हळद मनापासून चोळली. वर आपला हात उमटवला आणि म्हणाली, "माझ्या भावाच्या हाताला यश दे गो माय."

देवाला तरी काय बोलायचं?

सकाळी यंत्र आलं. दोन पिंप, दोन नळ्या, एक गन. पिंपातले दोन पातळ पदार्थ गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि भिंतीवर पडेपर्यंत फुगायला लागतात. नितेशने तोंडाला मास्क चढवला, आधी एका पुठ्ठ्यावर गन मारून बघितली, फुललेला फोम बोटाने दाबला, मान हलवली आणि खणात उतरला. फळ्या पुन्हा तपासायला तो थांबला नाही. कालच तपासल्या होत्या आणि वरून धाकू घाई करत होता.

"एकदम जाड मार ना रे! चाटवतोस काय नुसता?"

नितेश मास्क खाली ओढून ओरडला, "भावजी, जाड मारला तर आतल्या आत भाजतो, मग तडकतो. एक हात मारायचा, थंड होऊ द्यायचा, मग दुसरा."

हात थांबला की ढेकूळ येतं, हात पळाला की खड्डा पडतो. नितेशचा हात थांबतही नव्हता नि पळतही नव्हता. पिवळसर फेस फळीवर पडायचा, श्वास घेतल्यासारखा वर यायचा आणि जागच्या जागी घट्ट व्हायचा. दुपारपर्यंत चारही बाजू भरल्या. जानकीने वरून डोकावून पाहिलं. संत्र्याच्या सालीसारखा बारीक, एकसारखा पोत होता, कुठे ढेकूळ नाही, कुठे भेग नाही.

धाकू खणात उतरला, फोमवर हात फिरवला आणि चक्क हसला. "झकास. मानलं तुला, मेव्हण्या."

जानकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत तिने या दोघांना एका जागी उभं पाहिलं नव्हतं.

मग नितेशने लांब पात्याची करवत घेतली आणि तुळयांच्या बाहेर आलेला फोम छाटायला लागला. मागच्या तुळईपाशी करवत लागली मात्र, फोमचा पाटाएवढा तुकडा साच्यातून कुल्फी सुटावी तसा अख्खा सुटून त्याच्या पायाशी पडला.



"ही तुझी फिनिश?" धाकू म्हणाला, आणि पहिला ठोसा नितेशच्या कानावर बसला. नितेशचं डोकं तुळईवर आपटलं. "माझी होडी फुकट घालवायला आलास? दाताचा सूड काढतोस?"

"भावजी, लाकूड सुकं होतं! मी स्वतः..."

दुसरा ठोसा तोंडावर. नितेशनेही मग मागेपुढे पाहिलं नाही. त्याने धाकूच्या पोटात डोकं घातलं, दोघं छाटलेल्या फोमच्या चुऱ्यात कोसळले आणि एकमेकांना तुडवायला लागले. नितेशने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. धाकूने त्याच्या केसांना धरून तोंड खणाच्या तळावर घासलं, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि पिवळा चुरा लाल व्हायला लागला. खलाशी वरून वाकून बघत होते. मधे पडायचं कोणाच्या बापाच्याने होत नव्हतं. धाकूच्या हाताला गनची नळी लागली. त्याने ती नितेशच्या गळ्याभोवती गुंडाळली, पाठीत गुडघा रोवला आणि ओढली.

जानकीची नजर मात्र सुटलेल्या तुकड्यावर होती. तो उलटा पडला होता. त्याची पाठ गुळगुळीत, तेलकट पिवळी होती आणि तिच्यात तळव्यासकट एक अख्खा हात उमटला होता. तिचा हात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चांदणं कुठलं, भर दुपारचं ऊन पडलं होतं. गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? धाकूला तो हात दिसलाही नव्हता. ती बोलली तर आज तिची हाडं मोडणार, हे तिला पक्कं माहीत होतं. पण खाली नितेशचं पाय झाडणं मंद होत चाललं होतं.

जानकीने खणात उडी मारली.

"सोडा त्याला! मी केलं! हे बघा, हा माझा हात!" तिने तो तुकडा धाकूच्या तोंडासमोर धरला आणि त्यावर आपला पंजा टेकवला. "मी पहाटे हळद लावली. तेलाची. त्याची काय चूक नाय. मारायचं तर मला मारा."

धाकूने नळी सैल सोडली. नितेश खोकत, ओकत उठून बसला. त्याने तुकडा ओढून घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला, नाकाला लावला.

"तेल?" त्याचा आवाज फाटला होता. "लाकडावर तेल लावलंस?"

"तुझ्या हाताला यश यावं म्हणून रे..."

नितेशने उलट्या हाताने तिच्या तोंडात मारली. सगळी ताकद लावून मारली. जानकी तुळईवर आदळली, भुवई फुटली आणि डोळ्यावर रक्त उतरलं.

"माझ्या कामाची वाट लावलीस! चार माणसांत माझी इज्जत घालवलीस! अक्कल आहे का तुला?"

धाकू आधी बघतच राहिला. मग खदाखदा हसायला लागला. "तरी मी म्हणतो, मेव्हण्याचा हात असा कसा चुकला! बाईचा हात लागला, बाईचा!" त्याने नितेशला काखेत धरून उभं केलं, त्याच्या खांद्यावरचा चुरा झटकला. "लागलं काय रे जास्त? चल, सोड. ही जात अशीच."

नितेशने रक्त थुंकलं आणि तोही हसला. त्याच्या पडलेल्या दातांच्या फटीतून ते हसू बाहेर आलं, आणि जानकीला जे कळायचं ते तेव्हाच कळलं.

ती उठली. डोळा पुसला. भावाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"यांचा मार मी लग्नात पदरात घेतला," ती म्हणाली. "तुझा कुठून आला रे?"

आणि तिने त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की वरचे खलाशी मागे सरले.

"माझ्या कारागिरावर हात टाकतेस?" धाकूने तिचे केस मुठीत धरले, शिडीवरून फरफटत वर नेलं आणि फळ्यांवर आपटलं. मग एक लाथ, मग दुसरी. तिने खणात पाहिलं. ज्या नितेशने एकदा तो हात वरच्यावर पकडला होता, त्याने थिनरचा डबा उघडला, चिंधी भिजवली आणि पाठ वळवून फळीवरची हळद पुसायला घेतली. चिंधीचा आवाज तिला लाथांच्या मधे मधे ऐकू येत होता.

फळी पुसली, खरवडली, हॅलोजन लावून पुन्हा सुकवली. नितेशने उरलेला भाग भरला, जोड घासून काढला आणि दिवे लागायच्या आत काम पुरं केलं. खरं सांगायचं तर फिनिश अप्रतिम आली होती, जोड कुठे आहे ते शोधून सापडलं नसतं. दोघं खणात खांद्यावर हात टाकून उभे होते. धाकूच्या मनगटाला नितेशच्याच रुमालाची पट्टी होती. पुढच्या मोसमात दुसऱ्या होडीचं कामही मेव्हण्याकडेच, असं धाकूने खलाशांना ओरडून सांगितलं.

जानकी धक्क्याच्या पायरीवर बसली होती. भुवईवर पदराचा बोळा, एक डोळा बंद झालेला. समोर मढचे दिवे लागत होते. नितेश हात पुसत तिच्याजवळ आला, थोडा वेळ घुटमळला आणि शेजारी बसला.

"बाय, झालं ते झालं. रागात होतो मी." ती मढच्या दिव्यांकडेच बघत राहिली, तेव्हा त्याने आवाज गोड केला. "अगं, खूशखबर ऐक ना. भावजींशी बोललो मी. यंदा गौरीला तुला मढला पाठवतायत. हो म्हणाले. ये तू, चार दिवस राहा."

जानकीने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, बाजारात अनोळखी गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"कोणाकडे?" तिने विचारलं.