भिंगरी नावाचा साचा

“ताई, ही भिंगरी कोण हो?”

साहेबांनी फोन कानाला तसाच ठेवून विचारलं आणि सगळं ऑफिस खिदळलं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबचं काम सकाळपासून ठप्प होतं आणि तिथल्या प्रत्येक स्क्रीनवर एकच ओळ आली होती: ‘भिंगरी’ तयार करता आली नाही, बाहेरचा साचा अपूर्ण आहे.

“माझाच कोड आहे. बघते,” ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा काढायला त्यांना फार कष्ट पडले.

ताई सोळा वर्षं प्रोग्राम लिहीत होत्या, आणि त्यांची खासियत म्हणजे कोड लिहिणारा कोड. लॅबनं कुठलीही नवी तपासणी आणावी. प्रोग्राम चालता चालताच तिच्यासाठी एक साचा घडवायचा, त्याच्या पोटात आणखी एक. आत काय भरायचं ती जागा मोकळी, ते ऐन वेळी ठरायचं. हे साचे कुठल्याही फाइलमध्ये नसतात. प्रोग्राम सुरू झाला की मेमरीत तयार होतात, बंद पडला की गेले. त्यांची नावं कोण बघतंय! म्हणून तर ताईंनी नऊ वर्षांपूर्वी आतल्या साच्याला ते नाव देऊन टाकलं होतं.

मुलगी सातव्या महिन्यातच झाली आणि दोन दिवस काचेच्या पेटीत राहून गेली. पोटात असताना सारखी गरगर फिरायची. नवरा पोटावर हात ठेवून म्हणायचा, “काय भिंगरी आहे गं ही!” खरं नाव ठेवायचं राहूनच गेलं. हॉस्पिटलच्या कागदावर नुसतं ‘मुलगी’. घरी परतल्यावर दोघांनी तो विषय काढला नाही, तो आजतागायत नाही. तिसऱ्या आठवड्यात ताई कामावर आल्या, अर्धवट राहिलेला हाच कोड उघडला, नावाच्या जागेपाशी थांबल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या. कुठंतरी लिहायला हवं होतं ना माणसानं!

चूक सापडायला तासभर लागला. काल संध्याकाळी कुणीतरी शहाणपणा करून दोन ओळी खालच्या वर केल्या होत्या. बाहेरचा साचा पुरा होण्याआधीच आतला मागितला जात होता, आणि तसा तो कधीच मिळत नाही. ताईंनी ओळी जागच्या जागी ठेवल्या. चाचणी पास झाली.

“वा, ताई! जीव भांड्यात पडला,” साहेब म्हणाले. “तेवढं नाव बदला बुवा. उद्या पुन्हा अडलं तर लॅबवाल्यांना काय सांगू, भिंगरी रुसली म्हणून?”

पुन्हा हशा. साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांना कळलं असतं तर ते बिचारे दहा वेळा माफी मागत बसले असते. ते नाव एका झटक्यात पुसता आलं असतं, पण ताईंनी एकेक अक्षर मागून पुसलं, आणि तिथं ‘आतला साचा’ असं लिहिलं. साहेबांनी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. सगळं मिळून सात सेकंद लागले. ताई टॉयलेटमध्ये गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी नवरा पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. चांगला माणूस. नऊ वर्षांत त्यानं ताईंना कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. ताई त्याच्याजवळ बसल्या. आता नाव राहिलं होतं ते या दोघांपाशीच, निदान ते तरी बोलावं.

“आज मुलीची फार आठवण आली रे.”

त्याचे हात थांबले.

“मला रोज येते,” तो म्हणाला. “तुझ्यासमोर काढवत नाही गं.” मग डोळे पुसत तो थोडा हसला. “काय धिंगाणा घालायची पोटात! मी काय म्हणायचो तिला... चिमणी. चिमणीच ना?”

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो लहान मुलासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“हो,” ताई म्हणाल्या. “चिमणीच.”