न विचारता सांगायची एक ओळ

तो मितभाषी होता, आणि त्याने संगणकासाठी लिहिलेली आज्ञाही त्याच्यावरच गेली होती. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, की ती एका यंत्रातल्या फायली दुसऱ्यात मुकाट्याने वाहून नेई. काम पार पडले तरी चकार शब्द काढत नसे. कोणी मध्येच थांबवले, तर अर्धवट नेलेले सारे पुसून टाके. या शालीनतेचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता. घरात त्याला मौनीबाबा म्हणत.

त्या दुपारी ताईने त्याला ग्रंथालयात बोलावून घेतले. ती तिथला ध्वनिसंग्रह सांभाळी: पक्ष्यांचे वीस वर्षांचे आवाज. ते ज्या जुन्या यंत्रात होते, ते पाच वाजता भंगारात जाणार होते.

"मौनीबाबा, तुझं बाळ रुसून बसलंय. सकाळपासून तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं."

"बंद का केलंस?"

"पडदा आपला ढिम्म! तास-तासभर वाट पाहिली. म्हटलं, मेलं वाटतं."

त्याने घड्याळाकडे पाहिले. आज्ञा अडली नव्हतीच. तिन्ही वेळा ती निमूटपणे राबत होती, आणि तिन्ही वेळा तिने नेलेले सारे पुसले होते. साडेबारा होत आले होते; कामाला चार तास लागत. म्हणजे एकच फेरी उरली होती.

"अगं, बोलण्याचा पर्याय आहे की तिला. ओळीला जोडायचास."

"जे आहे हेच ठाऊक नाही, ते मागू कसं रे?"

त्याने कळफलक पुढे ओढला. विचारणाऱ्यांसाठी त्याने किती उत्तरे रचली होती. नुसती वाट पाहणारा माणूस मात्र त्याच्या ध्यानीमनीही आला नव्हता. सकाळभर ताई त्या काळोखाच्या काठावर, पैलतीर दिसत नसताना, एकटीच उभी होती.

त्याने आज्ञेला आपणहून सगळे बोलायला लावले. फायलींच्या नावांचा थवा पडद्यावर भर्रकन उसळला.

"बाई गं! आता काय फुटलं?" ताईने खुर्ची मागे सारली.

त्याने घाईने तिला थांबवले. मग मूळ ठेवणच बदलली: कोणी काही न मागता एकच ओळ दिसावी, जागच्या जागी बदलणारी. 'नेत आहे: ४,३१० पैकी १२. अजून सुमारे चार तास.' आणि मौन त्याने वेगळ्या पर्यायामागे ठेवले; ज्याला हवे, त्याने ते मागून घ्यावे.

ताईने चाळीसपर्यंत आकडे ओठांतल्या ओठांत मोजले. मग पडद्याकडे पाठ करून डबा उघडला.

"ये, चार घास खा. चाललंय ना त्याचं."

उन्हाचा पट्टा जमिनीवरून भिंतीवर चढत गेला. त्याला वाटले, एकेक पाखरू संथ पाणी ओलांडते आहे, आणि कुणीतरी हळूच त्याची मोजदाद ठेवते आहे.

पावणेपाचला ओळ थांबली: 'सगळ्या पोचल्या.'

हमाल दारात आले, तेव्हा ताई यंत्रावरून एकदा हात फिरवून म्हणाली, "न्या खुशाल."