परत न आलेल्यांचा रकाना

ज्या दिवशी बाइंडरची बायको गेली, त्या दिवशीही पेलेवाल्यांच्या दारात रांग होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ महिने आधी आणायला हवं होतं." बाइंडर मान खाली घालून इस्पितळाचा जिना उतरला, तर समोरच्या गल्लीत दीडशे माणसं रिकामे पेले धरून उभी. वर पाटी: शंभरातले ब्याण्णव बरे.

पेलेवाले म्हणजे एक बाबा; ते पेल्यातल्या पाण्यावर फुंकर मारत. सात खेपा, सात पेले, कुठलाही आजार. बायकोने ते आठ महिने याच रांगेत घालवले होते. सहाव्या पेल्याला तिला उभं राहवेना. पाटी वाचून तिला तिथे नेलं होतं ते बाइंडरनेच.

महिन्याभराने पेलेवाल्यांचा कारकून पाचशे नोंदींचं जुनं रजिस्टर घेऊन त्याच्या बाइंडिंगच्या दुकानात आला. शिवण उसवली होती. "नवा पुठ्ठा घाला. लोकांना बघायला दारात ठेवायचंय."

बाइंडरने दोरा कापायला मधलं पान उघडलं. नोंद दोनशे अकरा. बायकोचं नाव, पुढे 'छातीत गाठ', शेवटच्या रकान्यात 'बरी'.

"हे चुकलंय. ती वारली."

"तुम्ही कळवलं नाहीत," कारकून म्हणाला. "आमचं साधं आहे. जो परत येत नाही तो बरा. दुखत असतं तर आला नसता का माणूस?"

"मग 'बरा नाही' कुणाला लिहिता?"

"तोंडावर येऊन भांडतो त्याला. असे चाळीस निघाले."

पाचशेत चाळीस, म्हणजे शंभरात आठ. पाटीचा हिशेब चोख होता.

बाइंडरच्या मेव्हणीलाही तशीच गाठ होती आणि तिचे दोन पेले झाले होते. तो तिला थांबवायला गेला, तर ती म्हणाली, "ताईची वेळ भरली होती, भाऊजी. ती आठातली. मी ब्याण्णवातली नसेन कशावरून?"

त्याची पुतणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिने रजिस्टर चाळलं. "काका, पन्नास घरी जाऊन विचारू. दर दहावं नाव घ्यायचं. सुरुवात कुठून, ते चिठ्ठी ठरवेल."

"चिठ्ठी कशाला? मला चार जण माहीत आहेत, शिव्या घालतात पेलेवाल्याला. तिथून सुरू करू."

"मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? ते सोयीची माणसं मोजतात, आपणही तेच करायचं?"

चिठ्ठीत चार आला. चार, चौदा, चोवीस.

"म्हणजे काकूचा नंबर येत नाही," बाइंडर म्हणाला.

"नाही येत."

बाइंडरने दोनशे अकराचं पान मिटलं. मग त्याने यादी उतरवून घेतली आणि पुतणीबरोबर दारोदार फिरला. पन्नासांतले त्रेचाळीस सापडले. तेवीस जणांचं दुखणं तसंच होतं, कंटाळून जाणं सोडलेलं. सहा वारले होते. चौदा बरे होते, पण त्यातले बहुतेक सर्दीचे नाहीतर मुरगळल्या पायाचे. पाणी न पिताही ते बरे झालेच असते.

मेव्हणीच्या तिसऱ्या पेल्याच्या दिवशी दोघं रजिस्टर घेऊन तिच्यामागे रांगेत जाऊन उभी राहिली. पेलेवाले गोड हसले. "मनात शंका असली की पेला गळतो, बाळ."

"गळू दे," पुतणी म्हणाली. "एवढंच सांगा, मेलेला माणूसही परत येत नाही. त्याला कुठल्या रकान्यात घालता?"

पेलेवाल्यांनी पुढचा पेला मागितला.

मेव्हणीने हळूच विचारलं, "भाऊजी, ताई कुठे लिहिलीय?"

बाइंडरने पान उघडून दाखवलं. तिने 'बरी' या शब्दावर बोट ठेवलं, दोनदा वाचलं. "म्हणजे मी मेले तरी ब्याण्णवातच," ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. दुपारी तिने इस्पितळात गाठ दाखवली. तपासणीला तुकडा घेतला आहे.

तेव्हा कुणी शंभरात ब्याण्णव म्हटलं, की आधी विचारावं: मोजलं कुणी, बरं कशाला म्हटलं, आणि जे परत आले नाहीत त्यांच्या घरी कोण जाऊन आलं? एवढं विचारायला कॉलेज लागत नाही.

पुतणी त्या न सापडलेल्या सातांना बरेही धरू देत नाही, मेलेलेही. त्यांचे पत्ते बाइंडरच्या खिशात आहेत. ती सात घरं अजून शोधायची आहेत.