रोजचा आकडा एकशे चार

मी ग्लुकोमीटर बोलतोय. तळहाताएवढा माझा देह, आणि माणसाचं थेंबभर रक्त हेच माझं अन्न. त्यात साखर किती, ते मी सांगतो. रक्त कोणाचं, ते मला कोणी विचारत नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत जयतीर्थराव आणि कमलाक्षी हे म्हातारं जोडपं राहतं. त्यांची मुलगी हरिणी चेन्नईला नोकरी करते. तिनंच मला आणलं आणि बजावलं, "अप्पा, रोज सकाळी उपाशीपोटी बघायचं आणि मज आकडा सांगायचा."

जयतीर्थराव पाटबंधारे खात्यात होते. सकाळी ताकातला शिळा भात खाऊन निघायचे आणि पापनाशमपर्यंतचे कालवे सायकलवरून पालथे घालायचे. निवृत्तीनंतर सायकल सुटली, भूक मात्र तीच राहिली. आता झोपाळ्यावर बसून ते फोनवरून परोटे मागवतात, वर गोडमिट्ट कॉफी.

पहिल्याच दिवशी मी २८६ दाखवले. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हाक मारली, "अगं, जरा तुझं बोट दे."

कमलाक्षीच्या रक्तात १०४ निघाले. त्यांनी लगेच हरिणीला फोन लावला. "अस्की बरं आहे, सगळं ठीक. एकशे चार."

तेव्हापासून रोज तेच. रक्त बायकोचं, आकडा नवऱ्याचा.

"लेकीशी लबाडी कशाला?" कमलाक्षीनं एकदा विचारलं.

"तिला उगाच घोर नको."

पण चव बदलत होती. ११२. ११९. १३१. कमलाक्षीही त्याच झोपाळ्यावर, त्याच पाकिटातलं खात होती. "यंत्र बिघडलंय," असं म्हणून जयतीर्थराव फोनवर एकशे चारच सांगत राहिले.

एका दुपारी कमलाक्षी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि थबकली. पांढऱ्या फरशीवर रक्ताची पावलं होती. दारातून आत आलेली, सगळी उजव्याच पायाची.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मीच आत्ता बाजारातून आलो." जयतीर्थरावही पावलांकडे बघत होते. झोपाळ्यावरून उठून ते त्या ठशांच्या मागानं दारापर्यंत गेले. वळून बघतात तर फरशीवर पावलांची दुसरी ओळ उमटली होती.

चपलेतून वर आलेला खिळा तळव्यात खोल घुसला होता. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

जखम चिघळली. पायाची दोन बोटं काढावी लागली. इस्पितळात हरिणीनं डॉक्टरांपुढं फोनवर ऐकलेले आकडे टिपलेली वही ठेवली. पानोपानी एकशे चार.

"ते आकडे माझे गं," कमलाक्षी हळूच म्हणाली.

हरिणीनं मला पिशवीतून काढलं आणि आईचं बोट टोचलं. १९४. जयतीर्थरावांनी तो आकडा वाचला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळानं, न बघताच, त्यांनी आपला हात पुढं केला.

आता दोघं रोज आपापलं बोट देतात, खरे आकडे लिहितात, हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत चालतात. खिळा टोचला तेव्हा साखरेनं पाय मुका झालेला होता. आता मात्र जयतीर्थराव सांगतात, की नसलेल्या बोटांना खाज सुटते. खाजवायला हात जातो आणि तिथंच थांबतो.

माझं बटण झिजलंय, आकडे फिकट झालेत. हरिणी सुट्टीला येते, आई-अप्पांची साखर बघते. मग जेवण फोनवरून मागवून दिवसभर खुर्चीत बसून काम करते. परवा नवी सुई हातात घेऊन ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली आणि माझ्या पिशवीची चेन लावून टाकली.

मी आत अंधारात थांबलोय. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बोट द्या, पण ते तुमचंच असू द्या.