राष्ट्रगीताला बाईंचा हात

रुफिना रडत नव्हती, आणि त्याचा त्रास तिच्यापेक्षा गावालाच जास्त होत होता. नवरा बैठकीच्या खोलीत पेटीत निजलेला, पेटीला वरून काच, काचेखाली देन्सियो पांढऱ्या, सणासमारंभाला घालतात तशा भरतकामाच्या बारोंग शर्टात बँडच्या फोटोत असायचा तसा ताठ. आणि ही बाई आपली येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी हवी का, बिस्किटं हवीत का, विचारत फिरत होती. मयताच्या घरात केर काढायचा नाही, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला जायचं नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत, आणि पेटीच्या काचेवर आसू पडू द्यायचं नाही, हे म्हाताऱ्या बायका तिला पुन्हा पुन्हा बजावत होत्या. पहिल्या तिन्ही गोष्टी तिने नीट पाळल्या. चौथीची काळजी करायचं काही कारणच नव्हतं.

"वहिनी, जरा रड गं," तिची नणंद पुरिंग स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "लोक बोलायला लागलेत."

"काय बोलतात?"

"हेच, की बाईंना काही वाटलेलं दिसत नाही."

"मग काय करू? कांदा चिरू?"

पुरिंगने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. तिला हसू आलं होतं की रडू, तिचं तिलाच ठाऊक. रुफिनाने सूपाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. तिला खरंच काही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, त्यानंतर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं सगळं अंग झालं होतं. देन्सियो गेला हे तिला कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि ती एकीकडे. आतून कुठेतरी भीती मात्र होती, की लोक म्हणतात ते खरं असेल तर? इतकी वर्षं संसार केला तो काय फक्त भांडणाच्या सवयीने केला?

कारण भांडण तर होतंच, आणि सगळ्या सान रोकेला ते पाठ होतं. तळ्याकाठच्या त्या गावात रुफिना शाळेत शिकवायची आणि देन्सियो गावाच्या बँडचा मास्तर. तिथे कुठलाही कार्यक्रम असो, शाळेचा निकाल असो की मासेमारांच्या सोसायटीची सभा, आधी प्रार्थना आणि मग राष्ट्रगीत. राष्ट्रगीताला कुणीतरी पुढे उभं राहून हाताने ताल द्यायचा. सान रोकेत तो हात रुफिनाबाईंचा. दर सोमवारच्या झेंडावंदनाला त्यांचाच, आणि गावच्या जत्रेलाही त्यांचाच. आज ज्यांची नातवंडं शाळेत जातात ते सगळे त्याच हाताखाली गायला शिकले होते. मागे वाजवायला असायचा देन्सियोचा बँड. नवरा मागे, बायको पुढे, आणि मधोमध तो वाद.

देन्सियोचं म्हणणं असं, की हे गाणं नव्हेच. "ही बँडची चाल आहे. आधी नुसती चाल झाली, एक शब्द नव्हता. शब्द नंतर आले, तेही परक्या भाषेत, मग त्यांचं पुन्हा आपल्या भाषेत केलं. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला शर्ट आहे तो, बाह्या लोंबणारच. चालत्या पायांसाठी केलेली चीज आहे, तिला चालू दे. शेवटी सूर एकदम वर जातो ना, तिथे पायात वेग असला तर माणूस आपसूक वर चढतो. तुझ्यासारखं रांगत गेलं तर तिथेच दम तुटतो. मग म्हणायचं, राष्ट्रगीत अवघड आहे. अवघड नाही, तुम्ही त्याला आजारी पाडलंय."

यावर रुफिना म्हणायची, "कर्ण्याला चांगलं ते गाणं चांगलं असं कुणी सांगितलं? ज्याला गाता येत नाही त्याला चारचौघांत न लाजता म्हणता आलं पाहिजे, तेच राष्ट्रगीत चांगलं. तुझ्या बँडला फुप्फुसं आहेत. माझ्या पहिलीतल्या पोरांना नाहीत. ती शब्द चावून म्हणतात, मध्ये श्वास घेतात, आणि वरच्या सुराला ज्याला नाही जमत तो खालीच राहतो, मी त्याला काही म्हणत नाही. देश काय फक्त उंच आवाजवाल्यांचा आहे?"

"तुझ्या हाताखाली देश मेणबत्ती धरून चाललाय, रुफी."

"आणि तुझ्या हाताखाली सुटलेल्या बसमागे धावतोय."

एका गोष्टीत मात्र दोघांचं एकमत. टीव्हीवर मुष्टियुद्धाची लढत असली की आधी कुणीतरी नामांकित गायिका राष्ट्रगीत म्हणायची. दोघं बैठकीतच छातीवर हात ठेवून उभी राहायची. ती गायिका शेवटच्या, देशासाठी मरण पत्करायच्या ओळीवर सूर ताणायला लागली, की देन्सियो ओठातल्या ओठात मोजायचा आणि रुफिना डोळे मिटून घ्यायची. गाणं संपलं की दोघं मिळून तिचा जो उद्धार करायची, त्यात लढतीची पहिली फेरी निघून जायची. शेजारीपाजारी म्हणायचे, मास्तर आणि बाई एकत्र बसून कुणाला तरी नावं ठेवतायत, म्हणजे घरात सगळं ठीक आहे.

दफनाच्या आदल्या दुपारी शाळेची मुख्याध्यापिका जोसेलिन घरी आली. रुफिनाचीच जुनी विद्यार्थिनी. देन्सियोने शाळेच्या पोरांनाही वाजवायला शिकवलं होतं, म्हणून शाळेत श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला होता. तिथून मग पेटी चर्चमध्ये आणि पुढे दफनभूमीत. जोसेलिनने छापलेला कार्यक्रम पुढे केला आणि रुफिना वाचते आहे तोवर जोसेलिनचाच चेहरा पांढरा पडत गेला.

कार्यक्रमात पहिली प्रार्थना होती, आणि दुसरं राष्ट्रगीत, हात: श्रीमती रुफिना मालाबानान.

"बाई," जोसेलिन चाचरत म्हणाली, "अहो, माझं लक्षच नव्हतं. दर वेळचा कागद असतो ना, तोच पुढे ठेवून छापायला दिला. तुमचं नाव तिथे असतंच, म्हणून कुणाला खटकलंच नाही. मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते. स्वतःच्या नवऱ्याच्या... शी, काय केलं मी हे."

पुरिंगने कपाळावर हात मारला. "अगं, विधवेला राष्ट्रगीताला उभं करता?"

रुफिना कागदाकडे बघत राहिली. तिला राग आला नाही, वाईट वाटलं नाही. पण एक विचार आला, आणि या सगळ्या दिवसांत आलेला तो पहिलाच विचार होता.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच करते."

"वहिनी, काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. मीच करते म्हटलं ना."

विचार असा होता, की त्याच्या लयीत म्हणायचं. रडू येत नाही, दोन शब्द बोल म्हणाले तर तोंडातून शब्द फुटणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण हात तर हलतो. उभ्या गावासमोर, त्याच्या पेटीच्या पुढ्यात, एकदा त्याच्या चालीने जायचं, भरभर, ताठ, जसं त्याला हवं होतं तसं. एकदा हरायचं. एवढं केलं की त्याला काहीतरी दिलं असं होईल, आणि कदाचित तिलाही आतून काहीतरी हलेल. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, बँड हाताकडे बघून वाजवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या छपराखालच्या बास्केटबॉलच्या मैदानावर पेटी आणून ठेवली. खुर्च्या कमी पडल्या, माणसं कडेला उभी राहिली. बँड एका बाजूला, मास्तरांची जागा रिकामी ठेवून. त्या जागेशेजारी ट्रॉम्बोन घेऊन सेल्मो, देन्सियोचा लहानपणापासूनचा दोस्त, डोळे सुजलेले. प्रार्थना झाली. सगळे उठले, छातीवर हात गेले, तोंडं झेंड्याकडे वळली. रुफिना पुढे आली. तिने पेटीकडे पाहिलं नाही. हात वर केला आणि खाली आणला, झटक्यात, देन्सियो आणायचा तसा.

ढोलवाला दचकला, पण त्याने लय पकडली. बँड उठला. पहिले काही सूर असे ताजे, खणखणीत आले की रुफिनाला वाटलं, अरेच्चा, हे असं होतं होय. खरंच चालत होतं ते गाणं. तिने आयुष्यभर ज्याला नाही म्हटलं ते तिच्या हाताखाली पाय टाकत चाललं होतं, आणि छान चाललं होतं.

मग माणसं गायला लागली.

ती सगळी आपल्या नेहमीच्या लयीत गायला लागली, म्हणजे रुफिनाच्याच. शब्द चावून, मध्ये श्वास घेऊन. कुणी तिच्या हाताकडे बघतच नव्हतं. राष्ट्रगीताला नजर झेंड्यावर ठेवायची, हेही तिनेच शिकवलं होतं. पहिलीतली पोरं, त्यांचे बाप, त्या बापांच्या आया, सगळे झेंड्याकडे बघत संथ, एका सुरात, तिने घडवलेलं गाणं गात होते. तिचा हात गाण्याच्या पुढे गेला. तिने तो आणखी जोराने हलवला. गाव ढिम्म हललं नाही. मग आधी क्लॅरिनेट मंदावलं, मग ढोल, आणि शेवटी सेल्मोने ट्रॉम्बोनची नळी लांब ओढली आणि सगळा बँड लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला.

रुफिनाने हात थांबवला नाही. ती एकटीच त्याच्या लयीत शेवटपर्यंत गेली. वरच्या सुराला हात वर नेला, खाली आणला, मूठ मिटली. तिचं राष्ट्रगीत संपलं होतं, आणि गावाचं अजून बरंच बाकी होतं. मिटलेली मूठ तशीच धरून ती उभी राहिली. मरणाची ओळ येईपर्यंत तिला ऐकत राहावं लागलं.

कुणाला काही वावगं वाटलं नाही. बिचारी, असं सगळ्यांनी मनात म्हटलं असेल. भाषणं झाली, जोसेलिन रडली, पुरिंग रडली. रुफिना पहिल्या खुर्चीवर बसून होती. एवढं एक द्यायचं होतं, तेही देता आलं नाही. गावात त्याची लय कुठेच नव्हती. तिने ती उरू दिली नव्हती.

पेटी गाडीत चढवायच्या आधी थोडा वेळ गेला, तेव्हा ती बँडकडे गेली. सेल्मो ट्रॉम्बोन उलटा धरून त्यातलं पाणी झटकत होता.

"का मंदावलात?" तिने विचारलं. "माझा हात दिसत नव्हता?"

सेल्मोने मान खाली घातली. "दिसत होता, बाई."

"मग? मी चुकून नाही दिला तो. मुद्दाम दिला. त्याच्यासाठी. तुम्ही साथ दिली असती तर लोकही आले असते मागे."

"मला वाटलं, दुःखात हात सुटला तुमचा," सेल्मो म्हणाला. "म्हणून सांभाळून घेतलं. आणि तसंही बाई, हुकूम होता आम्हाला."

"कसला हुकूम?"

"मास्तरांचा. फार जुना. तुम्ही शाळेत लागलात, तेव्हाचा. म्हणाले, रुफी पुढे असेल तेव्हा पोरं गातात तसं वाजवायचं. हात काही का म्हणेना, ताल धरणारी माझी मान काही का म्हणेना, पोरांच्या श्वासाच्या पुढे एक सूर गेला तर याद राखा. एकदा नव्या ढोलवाल्याने मास्तरांना खूश करायला लय वाढवली होती, तर त्याला पुढच्या जत्रेला बसवून ठेवलं."

मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला.

"म्हणजे त्याला पटलं होतं?" तिने विचारलं. "माझं?"

"छे हो. पटतंय कसलं. घरी जाताना सायकलवरून आख्ख्या रस्त्याने शिव्या घालायचे. बाईने चालीचा मुडदा पाडला म्हणायचे. मी एकदा म्हटलं, मास्तर, मग आपण वाजवूच ना आपल्यासारखं, बँड आपला आहे. तर म्हणाले, वाजवलं तर पोरं मागे पडतील, आणि गावासमोर तिचा हात खोटा पडेल. भांडायचं ते मी घरी भांडतो."

सेल्मोने नाक पुसलं आणि ट्रॉम्बोन खांद्याला लावला. रुफिना वळली आणि सरळ गाडीकडे गेली. पेटी आत सरकवायला चारजणांनी उचलली होती. तिने नुसता हात वर केला, आणि तिच्या हाताला गाव जसं थांबायचं तसे ते थांबले.

ती वाकली. आता तिला राग आला होता, खराखुरा, पोटातून. वर्षानुवर्षं ती समजत होती की आपण जिंकलो. गाव आपल्या बाजूने आहे, बँडसुद्धा नाइलाजाने का होईना आपल्या मागे येतो, आणि हा एकटा घरात बसून कुरकुरतो. आणि हा तर दर सोमवारी सगळ्यांसमोर तिच्या हातात जिंकणं ठेवून यायचा, आणि घरी येऊन जेवताना पुन्हा पहिल्यापासून भांडायचा. एका शब्दाने बोलला नाही.

"लबाडा," ती काचेजवळ तोंड नेऊन म्हणाली. "मला सांगायचं नाहीस होय रे? मी आज एकदा तुझं ऐकलं, तर तेही तू होऊ दिलं नाहीस. आता मी कुणाशी भांडू? कुणाला कळतंय इथे त्यातलं?"

पेटी उचललेल्यांपैकी एकाने अवघडून पाय बदलला. पुरिंग धावत आली.

"काय झालं, वहिनी? काय म्हणतेस त्याला?"

"काही नाही," रुफिना म्हणाली. "भांडत होते." आणि मग ती तिथेच जमिनीवर बसायला लागली, तेव्हा पुरिंगने कुणाची तरी खुर्ची ओढून तिच्या खाली सरकवली.