मेल्यावर झालेला साखरपुडा

साताऱ्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून भार्गवी आठवलेला दोन गोष्टी मिळाल्या, एक कापडी पिशवी आणि एक कल्पना. पिशवीचा बंद कराड यायच्या आत तुटला. कल्पना मात्र टिकली, आणि पुढं जे काही रामायण घडलं ते तिच्यापायीच.

कल्पना अशी, की मुलांना साहित्याची गोडी लावायची असेल तर त्यांना प्रश्नोत्तरं लिहायला लावू नका. रोज चार पानं वाचू द्या आणि मनात येईल ते वहीत लिहू द्या. चूक-बरोबर काही नाही, मार्क नाहीत, बोलता तसंच लिहा. शिक्षकानं फक्त ते वाचायचं आणि खाली दोन ओळी उत्तर द्यायचं. प्रशिक्षणातल्या तज्ज्ञ बाईंनी हे जेवणानंतरच्या सत्रात सांगितलं, तरी भार्गवी जागी होती.

तिला जागं राहणं भागच होतं. घर सांगलीत. तिथून तासगावपर्यंत एसटी, पुढं गावापर्यंत वडापच्या जीपमध्ये गिअरला गुडघा घासत बसायचं, असं ती चार वर्षं करत होती आणि अजून कायम झालेली नव्हती. तिचा प्रस्ताव संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होता. विचारलं की अध्यक्ष म्हणत, "बघू की." यंदा सही झाली नाही तर जूनमध्ये तिच्या जागी अध्यक्षांच्या व्याह्यांची भाची येणार, हे शाळेच्या शिपायापासून वडापच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

अध्यक्ष म्हणजे नानासो. बेदाण्याची चार शेड, एक कोल्ड स्टोरेज, ही शाळा आणि एक कादंबरी, एवढा त्यांचा पसारा. बाकीच्या गोष्टी चालत होत्या. कादंबरी मात्र शाळेच्या ग्रंथालयात गठ्ठ्यानं पडून होती. 'नियतीचा द्राक्षमळा' असं तिचं नाव. एक गठ्ठा स्टाफरूमच्या डुगडुगत्या टेबलाखाली सरकवलेला होता आणि टेबल खरोखर हलायचं थांबलं होतं. आठ वर्षांत या कादंबरीवर इतकी भाषणं झाली होती, की तितकी पानं तिच्यातही नसतील. भार्गवीनं स्वतः चार ठोकली होती, चारही मागच्या कव्हरवरच्या मजकुरावर.

नववीच्या वर्गाला पुरतील एवढ्या प्रती दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाच्या नव्हत्या. शिवाय नानासो खूश होतील, हा हिशेब तिच्या डोक्यात आला नव्हता असं म्हणणं म्हणजे शुद्ध लोणकढी. तिनं गठ्ठे फोडले, धूळ झटकली, प्रती वाटल्या आणि सांगितलं, "मनात येईल ते लिहायचं. कुणालाही घाबरायचं नाही."

पहिल्या आठवड्यात पोरं घाबरूनच होती. 'कादंबरी फार बोधप्रद आहे. लेखकांचे आभार.' मग शाझिया मुल्लानं पहिला दगड भिरकावला. शाझिया म्हणजे द्राक्षाच्या क्रेटचा धंदा करणाऱ्या हुसेनभाईंची थोरली, मागच्या बाकावर बसून पुढच्या बाकावरच्यांना गप्प करणारी. तिनं लिहिलं, 'हा रणधीर लय रडतो. प्रत्येक पानाला रडतो. माझ्या अब्बांचा टेम्पो घाटात पलटी झाला तवा बी अब्बा एवढं रडलं न्हाईत.'

भार्गवी एसटीत एवढ्या मोठ्यानं हसली, की शेजारच्या म्हाताऱ्यानं पिशवी जवळ ओढून घेतली. तिनं खाली लाल पेनानं लिहिलं, 'मलाही तसंच वाटलं. पण तो का रडतो, तुला काय वाटतं?' हे तिला कसं वाटलं, ते तिचं तिलाच माहीत, कारण पुस्तक तिनं उघडलंच नव्हतं. तरी ते दिवस मजेत गेले. पोरं लिहीत होती, ती उत्तरं देत होती, आणि आपण फार मोठं काम करतोय असं तिला मनापासून वाटत होतं.

मग सहामाही आली. तिच्यामागं मतदारयादीचं काम, त्याच्यामागं स्नेहसंमेलन. वह्यांचा ढीग रोज टेबलावर यायचा तो यायचाच. भार्गवीनं एक सोपी युक्ती काढली. वही उघडायची, पान भरलेलं दिसलं की खाली 'छान. लिहीत राहा.' आणि सही. हात बसल्यावर हे काम तिला वडापमध्येसुद्धा जमायला लागलं.

जानेवारी संपता संपता नानासोंनी तिला बोलावलं. ते शेडवर होते, बेदाण्याची मूठ नाकाशी धरून वास घेत.

"आवं मॅडम, पोरं माजं पुस्तक वाचत्यात म्हनं?"

"रोज वाचतात, आणि लिहितातसुद्धा."

"आमच्या एकसष्टीला त्येच वाचून दाखवू द्यात की पोरांना. कराडचं प्राध्यापक येनार हायत, ज्यांनी पुरस्कार दिला त्ये. दुसरी आवृत्ती बी त्याच दिवशी जाहीर करायची म्हंतोय." मग बेदाणे परत टाकत ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुमचा त्यो कागूद बी त्याच दिवशी करून टाकू."

भार्गवी शेडवरून निघाली ती तरंगतच.

रविवारी दुपारी सांगलीत तिनं वह्या उघडल्या, चांगल्या ओळी निवडायला. पहिली वही निम्मी झाली आणि तिच्या हातातला चहा गार झाला.

'रणधीरला मळ्यात नाग चावला. मेला. मरताना तीन पानं बोलला.' इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशीची नोंद होती, 'आज रणधीरचा साखरपुडा झाला. मॅडम, त्यो कालच मेलाय.'

प्रत्येक वहीत तेच. धुळा हाके या मेंढपाळाच्या पोरानं लिहिलं होतं, 'मेल्यावर रणधीर सुधारला. आता रडत न्हाई. मला आता तो आवडतो.' शाझियानं तर पुरावेच मांडले होते. साखरपुड्यात रणधीरचे हात गार पडलेत. अंगात पांढरी कापडं. तो आला तशी दारातली कुत्री भुंकली. म्हणजे भूतच. पानांचे आकडे बी पुढंमागं हायत, पण अध्यक्षांनी मुद्दाम केलं असंल.

भार्गवीनं पुस्तक शोधलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा उघडलं. पुस्तक सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात, आणि बाइंडरनं मरणाचा फर्मा साखरपुड्याच्या आधी शिवला होता. एवढीच गोष्ट. वह्यांबरोबर घरी आणलेल्या तिन्ही प्रतींत तसंच. आठ वर्षं, एक पुरस्कार, शंभर हार, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. अडाणी बाइंडरच्या कृपेनं एका रडक्या कादंबरीची भुताची गोष्ट झाली होती आणि नववीचा अख्खा वर्ग तिच्यामागं खुळा झाला होता. धुळा तर रोज संध्याकाळी मेंढरांच्या वाड्यावर आपल्या आज्जीला ती वाचून दाखवत होता.

ती हसली असती, पण मग तिला शाझियाची वही पुन्हा दिसली. 'मॅडम, सुलोचनाला माहीत हाय का, त्यो मेलाय ते?' खाली लाल अक्षरात, 'छान. लिहीत राहा.' दुसऱ्या दिवशी, 'मॅडम, कालच्या प्रश्नाचं उत्तर न्हाई दिलं तुमी.' छान. लिहीत राहा. त्याच्या पुढच्या दिवशी, 'मॅडम, तुमी वाचता ना?' छान. लिहीत राहा.

भार्गवीला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान गरम होणारी लाज. पण लाजेनं कुणी कायम होत नसतं, हेही तिला कळत होतं. तिनं नाग चावायच्या आधीच्या पानांवरच्या सहा गोड ओळी निवडल्या, त्या सहा शहाण्या पोरांना पाठ करायला दिल्या, आणि शाझियाला पाहुण्यांना पाणी द्यायच्या कामाला लावलं.

एकसष्टीचा मांडव शाळेच्या पटांगणात पडला. हार झाले, शाली झाल्या, फेटे झाले. सहा पोरांनी सहा ओळी बिनचूक म्हटल्या. नानासो डोळे पुसत होते. भार्गवीचा प्रस्ताव स्टेजवर त्यांच्या पुढ्यातच, पेढ्यांच्या बॉक्सखाली दाबून ठेवलेला होता. मग कराडचे प्राध्यापक उठले.

"या कादंबरीचं सामर्थ्य तिच्या शेवटात आहे," पुरस्काराच्या अर्जाला जोडलेल्या सारांशावर नजर टाकत ते म्हणाले. "साखरपुड्याच्या सनईनंतर येणारा रणधीरचा तो मृत्यू! तिथं कादंबरी संपते आणि वाचक सुन्न होतो."

"न्हाई सर," स्टेजच्या कडेनं पाण्याचा ट्रे धरलेली शाझिया म्हणाली. "त्यो मधीच मरतोय. साखरपुड्याच्या आदी."

मांडवात खसखस पिकली. नानासोही हसले. "आगं पोरी, मी लिवलंय. साखरपुड्याच्या मागनं मरतोय त्यो."

"न्हाई, आदी. पुस्तक बघा की."

टेबलावर सोनेरी कागदात बांधलेली एक प्रत होती. नानासोंनी कागद फाडला, चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. नंतर त्यांनी दुसरी प्रत मागवली. तिसरी स्टाफरूमच्या टेबलाखालून आणली गेली. मांडवातली मागची माणसं खुर्च्यांवर उभी राहून बघायला लागली.

"सर," नानासो प्राध्यापकांकडं वळले, "तुमी पुरस्कार दिला तो वाचून व्हय?" प्राध्यापकांना जोराचा खोकला लागला. शाझियानं अदबीनं ट्रे पुढं केला.

मग नानासोंनी भार्गवीकडं पाहिलं. "मॅडम, तुमी तर दरसाल भाषण करताय. तुमी वाचलंय न्हवं?"

होय म्हणणं अगदी सोपं होतं. प्रस्ताव तिथंच होता, पेनाचं टोपणही काढलेलं होतं. पण पलीकडून शाझिया बघत होती, आणि त्या पोरीनं हाच प्रश्न तिला आधीच विचारला होता. आता पुन्हा 'छान' म्हणायचं धाडस भार्गवीला झालं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी वाचलेलं नाही. वह्याही वाचत नव्हते मी. पोरांनी मात्र सगळं वाचलंय."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. नानासो खुर्चीत बसले. लोकांना वाटलं, बीपी वाढलं. त्यांनी हात पुढं करून शाझियाची वही मागितली आणि सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, ती वाचत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, ते लपत नव्हतं. आठ वर्षं गळ्यात पडलेले हार एकदम कुणीतरी काढून नेल्यासारखे ते दिसत होते. आणि मग एका पानावर हसून त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हंजी त्यो भूत हाय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," शाझिया म्हणाली. "लय भारी भूत हाय."

"आन् सुलोचनाला ठावं हाय का?"

"त्येच तर कळंना. तुमीच सांगा, तुमी लिवलंय."

"मला काय ठावं," नानासो म्हणाले. "छापून आल्यावर मी बी उघडलं न्हाई. चूक घावली तर, म्हनून भ्या वाटायचं." मग त्यांनी माइक ओढला आणि दुसरी आवृत्ती जाहीर केली. पानं आहेत तशीच राहणार होती, बाइंडरला सक्त ताकीद, आणि मुखपृष्ठावर मळ्याऐवजी भूत. टाळ्या पडल्या. या वेळी खऱ्या होत्या, कारण वाजवणारी नववीची पोरं होती.

भार्गवी निघायच्या तयारीत होती. मनात तिचा सांगलीतल्या क्लासवाल्यांना फोनही लावून झाला होता. नानासोंनी तिला थांबवलं. पेढ्यांच्या बॉक्सखालचा प्रस्ताव त्यांनी काढला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि शाळेच्या बक्षिसांतली एक कोरी वही तिच्या हातात दिली.

"रोज चार पानं वाचायची, मॅडम. आन् मनात येईल ते लिवायचं. कुनालाबी भ्यायचं न्हाई. पुस्तक संपलं, की सही." मग मागं वळून म्हणाले, "ए मुल्लाची, तपासनार तू. तू म्हनलीस वाचलंय, तरच माजं पेन चालंल."

आता शहाण्या माणसानं एवढ्यावर तरी शहाणं व्हावं. पण सवय वाईट. सोमवारी एसटीत जागा मिळाली नाही, म्हणून भार्गवीनं उभ्यानंच वहीत लिहिलं, 'ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी दर्शन घडते.' मंगळवारी वही परत आली. खाली लाल अक्षरात होतं, 'हे मागच्या कव्हरवरनं उतरलंय. परत वाचा.'

मग ती वाचायला लागली. रणधीर खरोखरच लय रडत होता, आणि तिनं तसं लिहिलं. नाग आला. रणधीर मेला, बोलत बोलत, तीन पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावच्या एसटीत तिनं पान उलटलं, तर पांढऱ्या कपड्यातला रणधीर साखरपुड्याला उंबऱ्यात उभा होता आणि दारातली कुत्री भुंकत होती. सगळं ठाऊक असून भार्गवीच्या अंगावर काटा आला. सुलोचनेनं त्याच्या बोटात अंगठी घातली, हात गार लागला तशी तिनं वर पाहिलं, आणि काही न बोलता पदर सारखा केला. तासगाव येऊन गेलं. भार्गवी पुढच्या स्टॉपवर उतरली आणि उन्हात परत मागं चालत आली.

त्या दिवशी वहीत तिनं एकच ओळ लिहिली. 'शाझिया, खरं सांग, सुलोचनेला माहीत असतं का गं, तो मेलाय ते?'

मधल्या सुट्टीत वही टेबलावर आली. भार्गवीनं ती सगळ्यांच्या आधी उघडली. खाली लाल पेनानं, वळणदार अक्षरात, सहीसकट लिहिलेलं होतं, 'छान. लिहीत राहा.'