चौथ्या पंपातला जंपर

लाल वायरचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना काळी टेप... आणि एवढ्याशा तुकड्यापायी एक माणूस जिवंत जळाला असता, या विचाराने त्याच्या तळपायाची आग पुन्हा मस्तकाला गेली. चौथ्या पंपाचं सील त्याने आत्ताच तोडलं होतं, पत्र्याचं दार गुडघ्याने अडवून धरलं होतं, आणि जंपर आत जिथल्या तिथे होता. म्हणजे मामा खोटं बोलत होते.

काम काय अवघड होतं? पेट्रोल पंपावरच्या जुन्या सहा पंपांना नवा, वेगळ्या कंपनीचा कंट्रोलर जोडायचा. मग ऑफिसातून परवानगी मिळाल्याशिवाय पंपाने थेंबसुद्धा सोडायचा नाही आणि तिथलं लाल बटण दाबलं की सगळे जागच्या जागी थांबायचे. चाचणीपुरता कंट्रोलरला वगळून पंप चालवावा लागतो, त्यासाठी हा जंपर — आणि चाचणी संपली की तो आधी काढायचा, मग घाम पुसायचा. दहा दिवसांपूर्वी एका टेम्पोची टाकी भरून वाहायला लागली, नोझल अडकलेलं, कॅशियर बाईंनी बटण दाबलं. पाच पंप थांबले. चौथा ओततच राहिला आणि टेम्पोवाला गुडघ्यापर्यंत पेट्रोलने भिजून उभा... ठिणगी पडली नाही, एवढंच.

एक ते तीन माझे, चार ते सहा मामांचे — त्या प्रकारानंतर त्याने तसं लिहून दिलं होतं. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा. त्यांनीच त्याला या कामाला लावलेलं. उद्या त्यांची चौकशी, निवृत्तीला सात महिने उरलेले. सकाळी डबा भरताना बायको म्हणाली,

"मामा म्हणतात, मी नाही लावला."

"मग काय भुताने लावला?"

तिने डब्याचं झाकण जरा जोरातच दाबलं.

भूत कशाला, मामाच पुरेसे होते. चष्मा कायम खिशात, आणि टेप तोडायची ती दातांनी. "कात्री विसरते रे, दात विसरत नाहीत," वर हा विनोद. उंदराने कुरतडल्यासारखी टोकं. किती वेळा सांगितलं, मामा, काम नीट करा... पालथ्या घड्यावर पाणी.

जंपर सोडवायला तो नखाने टेपचं टोक शोधू लागला आणि शोधावं लागलंच नाही. टोक सरळ कापलेलं होतं आणि आत दुमडलेलं, पुढच्या वेळी चिमटीत धरून ओढता यावं म्हणून. घरातल्या प्रत्येक खोक्यावरची टेप अशीच असते. बायको चिडवते, तुझं काम आंधळ्यालाही ओळखू येईल.

नाही. मामांनी शिकून घेतलं असेल... या वयात? चाचणीच्या दुपारी त्यांची कंबर धरली होती, पंपाला टेकून उभे होते, तोंड पांढरं पडलेलं. मामा, तुम्ही बसा जरा, चौथा मी बघतो — मीच म्हणालो होतो. मग ऑफिसातून हाक आली, साहेबांचा फोन, उरकलं का, उरकलं का... आणि जाता जाता दार मीच लोटलं होतं, गुडघ्याने.

तेव्हा मामा समोरच बसले होते. त्यांना ठाऊक होतं. जबाबाच्या कागदावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं, मी लावला नाही. कोणी लावला, ते लिहिलं नाही.

आता राग ओसरायला हवा होता, तो वाढला. का नाही बोललात? भाचीच्या संसारासाठी? कोणी मागितला होता हा उपकार? चारचौघांत तोंडावर सांगायचं होतं, तुझाच आहे म्हणून... भांडलो असतो, हरलो असतो, पण सुटलो तरी असतो.

"सापडला का?" मॅनेजर मागे येऊन उभा होता.

"सापडला."

"म्हाताऱ्याचाच ना?"

त्या शब्दासरशी मॅनेजरच्या थोबाडीत द्यावीशी वाटली त्याला. वायर मुठीत आवळून तो उठलासुद्धा. मग आठवलं — हा शब्द मॅनेजरला आपणच दिला होता, दहा दिवसांपूर्वी, इथेच उभं राहून.